एका पंचमीचे दोन महिने

आठ डिसेंबरला, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास मी चालू मशीन थांबवलं. दिल्लीत नारायणा नावाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा छापखाना आहे आणि डिसेंबर हा आमचा कॅलेंडरांचा हंगाम. या दिवसांत मशीनचा आवाज बंद झाला की मालक हरीशजी काचेच्या केबिनमधून बाहेर येतातच.

"पाटणकर जी, क्या हुआ? कागज़ फँस गया?"

"नहीं जी. गलती पकड़ी है."

मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. छत्तीस वर्षं मी मशीनमन आहे. सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली चूक आपल्याला सापडली की त्या दिवशी जेवण चांगलं जातं. आणि ही चूक साधी नव्हती, कव्हरवरच होती.

काम गुरुग्रामच्या एका कंपनीचं होतं. त्यांच्याकडे कितीतरी देशांतली माणसं काम करतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नऊ डिसेंबरला, त्यांच्या नव्या ऑफिसचं उद्घाटन होतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला नवीन वर्षाचं कॅलेंडर द्यायचं होतं. कव्हरवर मधोमध एक गोल, त्यात ९ डिसेंबर २०२५, आणि भोवती तोच दिवस जगात कुठे कसा लिहितात ते. इथिओपियात ३० हिदार २०१८. इराणात १८ आझर १४०४. ज्यू लोकांचं साल ५७८६, थायलंडचं २५६८, मुसलमानांचं १४४७, बंगालचं १४३२, केरळचं १२०१. जपानमध्ये नुसतं सात, कारण तिथे राजा बदलला की मोजणी पहिल्यापासून. आपल्या भारत सरकारची तारीख १८ अग्रहायण १९४७. इराणची अठरा आणि आपल्या सरकारची अठरा, दोन्ही एकाच दिवशी. कारण दोघंही मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तिथून वर्ष धरतात. हे खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

शाई जुळवताना मी भिंगातून हे सगळं वाचत होतो. इतकी वर्षं कॅलेंडरं छापली, पण वाचली कधी नव्हती. मशीनवर आपण अक्षर बघतो, रंग बघतो, चारी रंग एकावर एक नीट बसले का ते बघतो. त्या दिवशी मात्र मी शीट हातात घेऊन उभाच राहिलो. इथिओपियात अजून २०१८ चालू आहे हे वाचून माझ्या मनात आलं, की २०१८ साली वृंदा होती. गुडघा दुखत असतानाही जनकपुरीच्या बाजारात माझ्यापुढे चालायची. साल नावाचा आकडा आहे हा, माणूस नव्हे, हे मला कळतं. तरी बरं वाटलं.

वृंदा म्हणजे माझी बायको. मागच्या वर्षी वीस डिसेंबरला गेली.

तर चूक अशी. कव्हरवर वरच्या बाजूला लिहिलं होतं, उत्तर भारत, विक्रम संवत २०८२, पौष कृष्ण पंचमी. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, महाराष्ट्र, शके १९४७, मार्गशीर्ष वद्य पंचमी. संवत वेगळं, शक वेगळा, ते मला माहीत होतं. पण दिवस एक, पंचमी एक आणि महिने दोन कसे?

कंपनीकडून रंग बघायला मीनाक्षी नावाची मुलगी आली होती. तिशीची असेल. मूळची पुण्याची, गुरुग्रामला राहते. कव्हर तिनेच केलेलं. मी मराठी आहे हे कळल्यापासून मला काका म्हणत होती.

"मॅडम, हे बघा," मी शीट टेबलावर पसरलं. "एकीकडे पौष, एकीकडे मार्गशीर्ष. यातलं एक चूक आहे."

"मॅडम नका म्हणू हो काका, मला उगाच मागे वळून बघावंसं वाटतं." तिने वाकून वाचलं आणि हसली. "दोन्ही बरोबर आहेत."

"दोन्ही कसे बरोबर असतील?"

हरीशजी मध्येच म्हणाले, "मैडम, इनकी मत सुनो, इनको गलती ढूँढने का शौक है. मशीन चालू करवाऊँ?"

"एक मिनट, सर. काका बिल्कुल सही जगह पे अटके हैं. मैं भी यहीं अटकी थी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, आपला महिना कधी संपतो?"

"अमावास्येला."

"आणि इकडच्यांचा पौर्णिमेला. गुरुवारी पौर्णिमा झाली ना, तेव्हाच त्यांचा मार्गशीर्ष संपला. शुक्रवारपासून त्यांचा पौष. आपला मार्गशीर्ष अजून अकरा-बारा दिवस आहे. शुद्ध पक्षात दोघांचं नाव सेम. वद्य पक्षात मात्र हे लोक आपल्या एक महिना पुढे असतात. चंद्र तोच, पंचमी तीच, फक्त नाव वेगळं."

"पण मी इतकी वर्षं दिल्लीत आहे."

"मग जन्माष्टमी कधी करता?"

"श्रावणात."

"हे लोक भाद्रपदात करतात. पण दिवस एकच असतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

हरीशजींनी मान हलवली. "हाँ भाई, भादों की अष्टमी. इसमें क्या नई बात है?"

त्यांना नवीन काहीच नव्हतं. मला मात्र हातातलं भिंग खाली ठेवावं लागलं. पौष कृष्ण पंचमी हे शब्द मी वर्षभर खिशात घेऊन फिरत होतो.

मी मोबाईलच्या कव्हरमधून कागद काढला. वृंदा गेली तेव्हा आमचे हेरंब गुरुजी आईच्या आजारपणासाठी नाशिकला गेले होते. दिल्लीत मराठी गुरुजी असून असून किती असणार. म्हणून घाटावरच्या पंडितजींनी सगळं केलं. बाराव्या दिवशी वर्षभराचं एकदम उरकलं, आणि त्यांनी तिथी लिहून दिली, 'पौष कृष्ण पंचमी.' माझी मुलगी नीरजा पुण्याला असते. तिने तिथल्या मराठी कॅलेंडरात पौष वद्य पंचमी शोधली. ती तिथी निघाली सात जानेवारीला. त्या हिशोबाने तिने रजा टाकली, विमानाचं तिकीट काढलं, मी गुरुजींना वर्षश्राद्धासाठी सात जानेवारी सांगून ठेवली.

म्हणजे दिल्लीचा पौष आम्ही पुण्याच्या कॅलेंडरात शोधला होता.

"मीनाक्षी," मी विचारलं, "दिल्लीच्या पंडितांनी पौष कृष्ण पंचमी लिहिली तर आपल्या लोकांनी कुठला दिवस धरायचा?"

तिने गोलातल्या तारखेवर बोट ठेवलं. "हाच. उद्याचा. का हो?"

मी तिला कागद दाखवला. तिने तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी फोन करा. मशीनचं मी बघते."

गाडी चुकली असं समजून माणूस स्टेशनवर पोचतो आणि गाडी फलाटावर उभी असते, तसं झालं होतं. दिवस गेला नव्हता. उद्या होता.

हे का सांगतोय ते सांगितलं पाहिजे. मागच्या वर्षी वीस डिसेंबरला सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी वृंदा हॉस्पिटलमध्येच वारली तेव्हा मी याच मशीनवर होतो. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, बरी आहे, दोन दिवसांत घरी सोडू. हंगाम होता. मी वृंदाला म्हटलं, सकाळी एक काम काढून देतो आणि दहापर्यंत येतो. ती म्हणाली, या सावकाश. मी पोचलो तेव्हा दहाला पाच कमी होती. त्या दिवशी मी नव्हतो. तिच्या पहिल्या श्राद्धाला तरी मी तिच्या दिवशी, तिच्या वेळेला हजर असायचं, एवढंच मी वर्षभर मनाशी धरलं होतं. आणि मी चुकीच्या महिन्यात हजर राहणार होतो.

आधी गुरुजींना फोन लावला. हेरंब गुरुजी चाळिशीचे आहेत, मेट्रोने फिरतात, बोलतात भरभर.

"पाटणकर, गेल्या कधी? तारीख आणि वेळ सांगा. पंडितांचा कागद राहू द्या."

मी सांगितलं. पानं उलटल्याचा आवाज आला.

"शुक्रवार, सकाळी आठ-वीस. त्या दिवशी पंचमी पावणेअकरापर्यंत होती. मार्गशीर्ष वद्य पंचमी. तुम्ही मला जानेवारी कशी काय सांगितलीत? अहो, तिथी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येते. वीस डिसेंबरची पुढे जानेवारीत कशी जाईल?"

"आम्हाला वाटलं अधिक महिना आला असेल मध्ये."

"अधिक पुढच्या वर्षी आहे. चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं. आता ऐका. उद्या पंचमी दुपारी दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांपर्यंतच आहे. श्राद्धाचा काळ सव्वाला सुरू होतो. म्हणजे सव्वा ते अडीचमध्ये बसायचं. मला सकाळी लक्ष्मीबाई नगरला एक वास्तुशांत आहे. एकपर्यंत पोचतो. दर्भ, तीळ मी आणतो. खीर आणि वडे हवेतच. सवाष्ण जेवायला सांगा, त्या सौभाग्यवती गेल्यात."

"एकपर्यंत नक्की पोचाल ना?"

"मेट्रोने येतो. गाडीने आलो तर माझं श्राद्ध धौला कुआँच्या ट्रॅफिकमध्ये करावं लागेल."

मग नीरजा. ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, तरी उचलला.

"बाबा, काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"नीरू, आईचं श्राद्ध उद्या आहे."

ती हळू म्हणाली, "बाबा, सात जानेवारी. आपण ठरवलंय. तुम्ही जेवलात का?"

तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. मी तिला पौर्णिमा, अमावास्या, कृष्ण, वद्य सगळं सांगायला गेलो आणि माझाच गोंधळ उडाला. मीनाक्षीने हात पुढे केला. मी फोन दिला. "हाय, मी मीनाक्षी. काका अगदी शुद्धीवर आहेत. तू कॅलेंडर उघड, मी सांगते तसं बघ." दोघी पाच मिनिटं बोलल्या. फोन परत आला तेव्हा नीरजा रडत होती आणि बोलतही होती.

"मी चुकीचा महिना बघितला बाबा. माझ्यामुळे चुकला असता दिवस."

"चुकला नाही ना. उद्या आहे. तू येतेस का ते सांग."

"येते. म्हणजे काहीही करून येते."

त्या आठवड्यात विमानांचा मोठा घोळ चालला होता, रोज उड्डाणं रद्द होत होती. पुण्याहून थेट एकही जागा नव्हती. दीड तासाने तिचा मेसेज आला, अहमदाबादवरून मिळालं, बारा-दहाला दिल्लीत उतरते, आमसुलं आणि जायफळ घेऊन येतेय, तुम्ही ते आणायला जाऊ नका.

राहिले हरीशजी. ते मशीनपाशी उभे होते आणि त्यांना अर्धंअधिक कळलं होतं. दुसरा मशीनमन तापाने घरी होता. उद्याही मशीनवर कामं होती.

"हरीशजी, ये कवर आज पूरा करके जाऊँगा. कल नहीं आऊँगा."

एरवी ते दहा कामं सांगतात. त्या वेळी त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मागच्या वर्षी मला सकाळी लवकर बोलावलं होतं ते त्यांनीच.

"कल आप आए तो मैं गेट बंद करवा दूँगा," ते म्हणाले. "चलो, अब चलाओ. दोपहर हो गई."

मी मशीन सुरू केलं. त्या दिवशी मी चालवलं तसं कधी चालवलं नसेल. एक शीट बाद गेलं नाही. प्रत्येक शीटवर दोन्ही पंचम्या बाहेर येत होत्या, वर पौष आणि खाली मार्गशीर्ष, आणि मला वाटत होतं की उद्या काय आहे ते हे मशीन सगळ्या शहराला सांगत सुटलंय. संध्याकाळी सहाला शेवटचा गठ्ठा बांधला.

निघताना मी मीनाक्षीला विचारलं, "तुझं लग्न झालंय का?"

"काका, तुम्हीपण?"

"तसं नाही. सवाष्ण हवीय जेवायला."

"झालंय, पण कोर्टात. आणि नवरा केरळचा ख्रिश्चन आहे. चालेल?"

मी क्षणभर विचार केला, वृंदा काय म्हणाली असती याचा. तिने आधी विचारलं असतं की मुलीला तिखट चालतं का.

"चालेल," मी म्हटलं. "तिखट चालतं ना?"

"धावतं. बारापर्यंत उद्घाटन आटपेल. एअरपोर्ट वाटेवरच आहे, नीरजाला मीच घेऊन येते."

घरी जाताना तांदूळ, उडीद डाळ, दूध, भोपळा, केळीची पानं असं सगळं घेतलं. सामानाच्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन जिना चढताना मला जाणवलं, की वर्षभरात मी पहिल्यांदा घाईने घरी आलो होतो. घरी कुणी येणार असलं की होते तशी घाई.

मंगळवारी सकाळी पाचला उठलो. डाळ भिजत होती ती वाटली. खीर मला येते, वडे येत नाहीत. पहिला वडा तेलात पडला तो गोल न राहता नकाशासारखा झाला. दहावा बरा झाला. बारा-दहा झाले, बारा-चाळीस झाले. नीरजाचा फोन आला, उतरली, सामान मिळालं, मीनाक्षी गेटवर आहे. पावणेएकला गुरुजींचा फोन आला. वास्तुशांत लांबली, यजमानांचे साहेब आले म्हणून आरती परत करावी लागली. आता निघतोय.

"गुरुजी, दोन-अठ्ठावीस."

"मला पाठ आहे, पाटणकर. तुम्ही पाट मांडा."

पाट मांडला. पानं मांडली. एक झाला. सव्वा झाला. मी सोवळं नेसून गॅलरीत उभा. खाली भाजीवाला विचारत होता, अंकल जी, कुछ चाहिए? आणि मी त्याला हाताने नाही म्हणत रस्त्याच्या टोकाकडे बघत होतो. दीडला मीनाक्षीची गाडी आली. नीरजा धावतच वर आली, मला मिठी मारली आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

"बाबा, वडे तुम्ही केलेत?"

"का?"

"काही नाही. आईला हसू येईल."

पावणेदोन. गुरुजी नाहीत. मीनाक्षी म्हणाली, "स्टेशनवर घ्यायला जाऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता चपला घालून गेली. मी पाटावर बसलो. नीरजा शेजारी बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि दर मिनिटाला बघत राहिलो. मला काय वाटत होतं ते सांगता येणार नाही, पण दुःख नव्हतं. एवढं कळत होतं की आत्ता, या घटकेला, तिचा दिवस चालू आहे आणि मी जागेवर आहे. गुरुजी आले तर मंत्र होतील. नाही आले तर मी हात जोडून तिचं नाव घेईन. मी मात्र आता इथून उठणार नव्हतो.

एक वाजून पंचावन्न मिनिटांनी जिन्यावर दोघांचे आवाज आले. गुरुजी धापा टाकत होते, पिशवी मीनाक्षीच्या हातात.

"या मुलीने गाडी उलट्या बाजूने घातली," गुरुजी पाय धुताना म्हणाले. "मी डोळे मिटून घेतले होते. बसा, बसा, उठू नका. पळी हातात घ्या."

संकल्प सुरू झाला. त्यात आधी साल सांगावं लागतं, मग अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सर. दक्षिणायन. हेमंत ऋतू. गुरुजी पुढे म्हणत होते आणि मी मागे. महिन्यापाशी ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीच म्हणा."

"मार्गशीर्ष," मी म्हटलं. "वद्य पक्ष. पंचमी. मंगळवार."

"आणि कोणाचं?"

मी वृंदाचं नाव घेतलं. नीरजाने माझ्या हाताला हात लावला. दोन वाजून चार मिनिटं झाली होती. अजून चोवीस मिनिटं होती आणि ती सगळी आमची होती.

सगळं झाल्यावर पानं वाढली. मीनाक्षीने चार वडे खाल्ले आणि आकाराबद्दल काही बोलली नाही. गुरुजी हात धुऊन आले तेव्हा मी विचारलं, "पुढच्या वर्षी कधी आहे?"

त्यांनी मोबाईल काढून बघितलं. "पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतोय, त्यामुळे लांबते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, अठ्ठावीस तारखेच्या आसपास. नवं पंचांग आलं की वेळ पक्की सांगतो. आणि या वेळी मीच फोन करीन, तुम्ही नका करू."

अठ्ठावीस डिसेंबर म्हणजे आमच्या हंगामाचं शेवटचं टोक, सगळ्यांना कॅलेंडर एक तारखेच्या आत हवं असतं. मी तिथेच पाटावर बसून हरीशजींना फोन लावला.

"हाँ पाटणकर जी, हो गया ठीक से?"

"हो गया. हरीशजी, अगले साल दिसंबर के आख़िरी हफ़्ते मैं नहीं आऊँगा."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. कोणीतरी चालवत होतं, बहुतेक ते स्वतःच.

"अगले साल?" ते म्हणाले. "लिख लिया."